परदेशातील उन्हाळी प्रवास आणि हलके सामान: ज्येष्ठ महिलांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे-जून जवळ आला की इंदूरच्या मराठी घरांतून परदेश प्रवासाच्या सामानाविषयी तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. कुणी पंधरा दिवसांच्या सहलीसाठी युरोपला निघालेली असते, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला, तर कुणी मुलाकडे सिंगापूरला. पुढील उत्तरे साठीच्या आसपासच्या आणि त्यापुढील वयाच्या महिलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. विमान कंपन्यांचे आणि देशांचे नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट हाती आल्यावर वजनाची मर्यादा आणि मनाई असलेल्या वस्तूंची यादी अधिकृत संकेतस्थळावर एकदा तपासून घ्यावी.

१. हलके सामान म्हणजे नेमके किती किलो?

किलोचा आकडा प्रत्येकीसाठी वेगळा असतो, पण तो घरच्या घरी ठरवता येतो. भरलेली बॅग जमिनीवरून उचलून स्वयंपाकघरातील ओट्यावर ठेवावी, पुन्हा खाली घ्यावी, आणि असे दोन-तीनदा करून पाहावे. कंबर, मनगट किंवा श्वास यांपैकी कशाचीही तक्रार न होता जी बॅग ओट्यावर चढते, तेच आपले वजन. बहुतेकींच्या बाबतीत ते सात ते दहा किलोंच्या दरम्यान येते. ही परीक्षा मुलाने किंवा सुनेने करून उपयोग नाही, कारण प्रवासात बॅग उचलण्याची वेळ येते तेव्हा ती दोघे शेजारी असतीलच असे नाही. अवंतिका एक्स्प्रेसने पहाटे बोरिवलीला उतरताना, युरोपात लिफ्ट नसलेल्या जुन्या हॉटेलात जिना चढताना किंवा रेल्वेच्या डब्याची उंच पायरी गाठताना आपले सामान आपल्यालाच उचलावे लागते. सामान स्वतःला उचलता आले की कुणाची वाट पाहत थांबावे लागत नाही. या वयात प्रवासाचा खरा आनंद मोकळेपणाने हिंडण्यात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात. मग ती सवलत का सोडायची?

यात दोन अडचणी आहेत. पहिली अडचण देशांतर्गत टप्प्याची आहे. इंदूरहून परदेशी जाणाऱ्या बहुतेकींना मुंबई किंवा दिल्लीला विमान बदलावे लागते. इंदूर-मुंबई आणि मुंबईपुढचा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर सहसा आंतरराष्ट्रीय मर्यादा संपूर्ण प्रवासाला लागू होते; पण दोन्ही तिकिटे स्वतंत्र काढली असतील, तर पहिल्या टप्प्यावर देशांतर्गत मर्यादाच लागू होते आणि ती अनेक कंपन्यांमध्ये १५ किलोंची असते. मग देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरच जादा वजनाचे पैसे भरावे लागतात. दुसरी अडचण परतीची आहे. भारतात ज्या विमानतळावर आपण प्रथम उतरतो, तेथे साधारणपणे सामान पट्ट्यावरून उचलून, सीमाशुल्क तपासणी पार करून, इंदूरच्या विमानासाठी ते पुन्हा जमा करावे लागते. रात्रभराच्या जागरणानंतर २३ किलोंच्या दोन बॅगा पट्ट्यावरून खेचून ट्रॉलीवर चढवणे हे सत्तरीच्या गुडघ्यांचे काम नव्हे.

३. बॅग कोणती घ्यावी?

विकत घेण्यापूर्वी रिकाम्या बॅगेचे वजन विचारावे, कारण भक्कम दिसणारी कडक बॅग रिकामीच तीन-चार किलोंची भरते आणि हातसामानाला अनेकदा असलेल्या सात किलोंच्या मर्यादेपैकी निम्मे वजन तीच खाऊन टाकते. अडीच किलोंच्या आतली बॅग उत्तम. हातसामानासाठी ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर हे माप अनेक कंपन्यांना चालते, मात्र काही कंपन्यांचे माप याहून लहान असते. चार चाकांची बॅग विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर बोटानेही ढकलता येते, परंतु युरोपातील दगडी रस्त्यांवर तिची छोटी चाके अडतात; तेथे जास्त चालायचे असेल तर मोठ्या दोन चाकांची बॅग बरी पडते. हुक असलेला छोटा वजनकाटा घरी जरूर ठेवावा आणि परतीसाठी तो बरोबरही न्यावा.

४. दोन-तीन आठवड्यांसाठी कपडे किती लागतात?

तीन किंवा चार कुर्ते, त्यांतील प्रत्येकावर चालतील अशा दोन विजारी, एक पातळ लोकरी स्वेटर, एक घडीचे पावसाळी जाकीट, एक ओढणी किंवा स्टोल, रात्रीचा एक जोड आणि आतल्या कपड्यांचे चार जोड एवढे पुरते. अंगावरचे कपडे यात धरलेले आहेत. सगळे कपडे एकमेकांवर जुळणारे असावेत, म्हणजे एक कुर्ता खराब झाला तरी पूर्ण जोड बाजूला पडत नाही. नाडीच्या सलवारीपेक्षा इलास्टिकची आणि खिसा असलेली विजार प्रवासात कितीतरी सोयीची असते. ‘लागलेच तर’ म्हणून ठेवलेला प्रत्येक कपडा बाहेर काढून पलंगावर मांडावा आणि तो नक्की कोणत्या दिवशी लागेल हे सांगता आले तरच आत ठेवावा. हे हिशेब आपण कपडे दर दोन-तीन दिवसांनी धुणार, असे गृहीत धरून केले आहेत. धुण्याच्या पद्धतीसाठी प्रश्न ६ पाहावा.

५. मी कायम साडीच नेसते. या वयात पोशाख बदलायलाच हवा का?

मुळीच नाही. साडी नेसूनही हलके सामान नेता येते. फक्त साड्या निवडताना वजन पाहावे लागते. खळ घातलेल्या जाड सुती साड्या जड असतात, उशिरा वाळतात आणि इस्त्रीवाचून वाईट दिसतात. रेशीम आणि सूत एकत्र विणलेली महेश्वरी मात्र वजनाला हलकी, अंगाला गार आणि समारंभातही शोभणारी असते. आपल्याकडून महेश्वर काही फार लांब नाही, आणि तेथे काठापदराच्या साध्या साड्या सहज मिळतात. महेश्वरी हाताने आणि जपून धुवावी लागते, म्हणून रोजच्या वापरासाठी तिच्या जोडीला सिंथेटिक धाग्याच्या, रातोरात वाळणाऱ्या दोन साड्या घ्याव्यात. अशा तीन साड्या, त्यांतल्या दोन-दोन साड्यांवर चालतील असे ब्लाउज आणि दोन परकर पुरेत.

खरी अडचण परकराची असते. साडी सकाळपर्यंत वाळते, परकराचे कापडही वाळते, पण नेफा आणि त्यातील नाडीची गाठ ओलीच राहते. ती ओली नाडी दिवसभर कंबरेला बांधून फिरल्यास कातडी लाल होऊन आग होते. यावर उपाय म्हणजे इलास्टिकचा, पातळ होजियरीचा परकर. नेफा जाड असेल तर धुतल्यावर नाडी ओढून वेगळी वाळत घालावी आणि सेफ्टी पिनने पुन्हा ओवावी.

सरकत्या जिन्यावर पाय ठेवण्यापूर्वी निऱ्या एका हाताने नीट वर धराव्यात. काठ दातऱ्यांत अडकून अपघात होऊ शकतो. विमानतळ, रेल्वेस्थानके आणि डोंगरावरची ठिकाणे एवढ्यापुरता एखादा कुर्ता-विजारीचा जोड ठेवलात, तर साडीवरील निष्ठेला काही बाधा येत नाही.

६. हॉटेलात कपडे कसे धुवावेत आणि वाळवावेत?

रात्री अंघोळीच्या वेळी त्या दिवसाचे आतले कपडे आणि कुर्ता साबणाच्या वडीने धुवावा. वडीला १०० मिलिलिटरचा नियम लागत नाही. नंतर कपडा पिळत बसू नये, कारण पिळण्याने मनगटे दुखतात आणि चुण्या पडतात. कोरडा पंचा पलंगावर पसरावा, त्यावर ओला कुर्ता सपाट ठेवावा, दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करावी आणि ती गुडघ्याने किंवा तळहातांनी दाबत जावे. बहुतेक पाणी पंचात उतरते. पंचा दोन तासांत वाळतो, म्हणून जाड टॉवेलऐवजी पंचाच न्यावा. बाल्कनीत कपडे वाळत घालण्यास अनेक ठिकाणी हरकत घेतात. न्हाणीघरात बांधण्यासाठी पातळ दोरी आणि चार चिमटे बरोबर असावेत.

७. उन्हाळाच आहे, तर सगळे सुती कपडे नेले तर चालेल ना?

प्रथम तो उन्हाळा कोणाचा हे पाहावे. जून ते ऑगस्ट हा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये हिवाळा असतो, आणि घरे आतूनही गार असतात. युरोपात जूनमध्ये लंडनची दुपार आपल्या इंदूरच्या डिसेंबरसारखी सुखद असू शकते, तर त्याच आठवड्यात रोम किंवा माद्रिदला अंगाची लाही होते, आणि तिकडच्या अनेक घरांत पंखाही नसतो. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख हे स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. भर उन्हाळ्यातही तेथे पायाखाली बर्फ असतो. दुबई आणि सिंगापूरमध्ये बाहेर उकाडा आणि आत वातानुकूलनाची कडक थंडी असते. यासाठी एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ थर एकावर एक घालावेत: आत अंगालगत बसणारी पूर्ण बाह्यांची बनियन, तिच्यावर कुर्ता, मग स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जाकीट. रजोनिवृत्तीमुळे अचानक घाम फुटत असेल तर हीच पद्धत उपयोगी पडते, कारण वरचा थर चटकन काढता येतो. व्हॅटिकनमधील सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. ओढणीचे काम तेथेही होते.

८. चपला-बूट किती जोड?

दोनच. जड जोड पायात घालून विमानात बसावे आणि हलका बॅगेत ठेवावा. चालण्याचा जोड निदान महिनाभर आधी घ्यावा आणि नेहरू पार्कात किंवा आपल्या कॉलनीत रोज फिरून पायाला सवयीचा करावा. लांबच्या विमानप्रवासात पाय सुजतात, म्हणून मागेपुढे करता येणारा पट्टा असलेला जोड बरा. पायांत पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा अशुद्ध रक्तवाहिन्या फुगलेल्या असतील, तर दाब देणाऱ्या मोज्यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

९. औषधे किती आणि कशी न्यावीत? डबीत भरून नेली तर जागा वाचते.

जागा वाचवण्याचे बाकी सारे मार्ग चोखाळावेत, पण औषधांच्या बाबतीत हा मार्ग टाळावा. गोळ्या कंपनीच्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, म्हणजे नाव आणि मुदत दिसते. बाहेरचे पुठ्ठ्याचे खोके मात्र काढून टाकण्यास हरकत नाही. डॉक्टरांकडून औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेली, सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्यावी, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तिकडच्या औषधविक्रेत्याला कळत नाहीत. प्रवासाच्या दिवसांपेक्षा निदान आठवडाभराची औषधे जास्त घ्यावीत आणि सगळी हातसामानात ठेवावीत. इन्सुलिन तर कधीच मोठ्या बॅगेत टाकू नये. सामानाच्या कक्षातील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते.

काही औषधे आपल्याकडे नेहमीची वाटतात, पण बाहेर कडक नियंत्रणाखाली येतात. झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम, दुखण्यासाठीचे ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या औषधातील कोडीन ही त्यांतील ठळक नावे होत. संयुक्त अरब अमिरातीत अशा औषधांसाठी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेल्या सर्दीच्या गोळ्या नेता येत नाहीत. शेजारणीने दिलेली ‘झोपेची अर्धी गोळी’ तर घरीच राहू द्यावी.

१०. तेल, शाम्पू, क्रीम यांचे काय करावे?

हातसामानातील प्रत्येक द्रवपदार्थाची बाटली १०० मिलिलिटरपर्यंतचीच असावी आणि सर्व बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक, बंद होणाऱ्या पिशवीत मावाव्यात. अर्धी रिकामी असलेली २०० मिलिलिटरची बाटलीही चालत नाही, कारण तपासणीत बाटलीची क्षमता पाहतात. काही परदेशी विमानतळांवर हा नियम सैल झाला आहे, पण परतीच्या विमानतळावर तो लागू असू शकतो. आवश्यक द्रव औषधांना चिठ्ठी दाखवल्यावर सूट मिळते.

११. लेकीच्या बाळंतपणासाठी चालले आहे. डिंक, अळीव, खारीक, तूप, मसाले… सामान हलके कसे होणार?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो नुसता वजनाचा नसतो, हे आम्ही जाणतो. सगळे आपल्या हातचे आणि आपल्या घरचे असावे, असे आईला वाटणारच. तरीही आधी लेकीला विचारावे की तिच्या गावातील भारतीय दुकानात काय मिळते. न्यू जर्सीतील एडिसन, लंडनमधील वेम्बली आणि साउथॉल, सिंगापूरमधील लिटल इंडिया या भागांत डिंक, खारीक, सुंठ, मेथी, बाळंतशोपा हे सगळे मिळते. लाडू तेथेच वळले तर ते ताजे राहतात आणि पाच-सहा किलोंचे ओझे वाचते.

नेऊ नये असे बरेच काही आहे. युरोपीय संघाच्या देशांत आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्यात तूप, पेढे, बर्फी आणि आपली मावाबाटीही आली. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर येथे खसखशीवर बंदी आहे. अनारशांवर ती दिसते, पण घरच्या गोडा मसाल्यात दळून गेलेली खसखस आपल्या लक्षातही राहत नाही. दुबईला केवळ विमान बदलायचे असले तरी हा धोका पत्करू नये आणि मसाला खसखशीवाचून करून घ्यावा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकट व ज्वलनशील असल्यामुळे विमानात चालत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बिया आणि धान्य यांची तपासणी फार कसून होते, त्यामुळे कच्चे अळीव तिकडे नेऊच नयेत. कोणत्याही देशात खाण्याचे जे काही बरोबर असेल, ते उतरताना घोषणापत्रात लिहावे. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूसाठी मात्र दंड होतो. नाव नसलेल्या पुड्यांतील काढे नेऊ नयेत, आणि बाळंतिणीला काय द्यायचे ते तिच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मग न्यायचे काय? जे तिकडे खरोखर मिळत नाही आणि वजनालाही हलके आहे तेवढेच: अर्धा किलो मेतकूट किंवा भाजणी, खसखशीवाचूनचा मसाला, आणि बाळासाठी जुन्या मऊ सुती साडीची दुपटी, झबली, कुंची. आजीच्या साडीचे चार पदरी दुपटे कोणत्याही परदेशी दुकानात मिळत नाही, आणि त्याचे वजनही नगण्य असते. पिठे मोठ्या बॅगेतच ठेवावीत. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातसामानात असल्यास वेगळी तपासणी होते.

१२. इंदुरी शेव आणि लोणचे नेता येईल का?

कारखान्यात बंद केलेली, पाकिटावर घटक छापलेली शेव बहुतेक देशांत चालते. लोणचे मोठ्या बॅगेत, तेल न झिरपणाऱ्या दुहेरी पिशवीत ठेवावे. हातसामानात ते अडवले जाऊ शकते. घोषणापत्राविषयी प्रश्न ११ पाहावा.

१३. रोजच्या पूजेचे साहित्य?

कापूर, काडेपेटी आणि लायटर ज्वलनशील असल्यामुळे बॅगेत ठेवू नयेत. लहान मूर्ती, जपमाळ, कुंकवाची छोटी डबी आणि वाती नेण्यास अडचण नाही. परदेशी घरांत धुराने आगीची घंटा वाजते, हेही ध्यानात असू द्यावे. सुपारीसाठी अडकित्ता न्यायचाच असेल तर तो मोठ्या बॅगेत जाईल.

१४. दागिने किती घालावेत?

रोजचे मंगळसूत्र, कानातले आणि एखादी बांगडी पुरेशी आहे. लग्नकार्यासाठी मोठे दागिने न्यावेच लागणार असतील, तर जाताना आंतरराष्ट्रीय विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी दागिन्यांचे फोटो आणि सराफाच्या पावत्या किंवा मूल्यांकनाचा कागद जवळ ठेवावा आणि तासभर आधी पोहोचावे. हे प्रमाणपत्र असले की परत येताना ते दागिने परदेशात विकत घेतले काय, असा प्रश्न उरत नाही. दागिने, पारपत्र आणि पैसे कुर्त्याच्या आत राहणाऱ्या पातळ पाकिटात असावेत.

१५. विचारायला संकोच वाटतो, पण खोकताना-हसताना लघवी गळते. त्याचे पॅड फार जागा घेतात.

संकोच वाटू देऊ नये. या वयातील पुष्कळ महिलांची हीच अडचण असते. प्रवासाचा दिवस आणि पुढचे तीन-चार दिवस एवढ्यापुरतेच पॅड न्यावेत, बाकीचे तेथील औषधाच्या दुकानात किंवा किराणा बाजारात सहज मिळतात. धुऊन वापरता येणाऱ्या शोषक चड्ड्याही मिळतात आणि तीन चड्ड्यांत काम भागते, मात्र त्या वाळायला साध्या कपड्यांहून अधिक वेळ लागतो. हातसामानात एक पूर्ण जोड आणि एक बंद होणारी पिशवी ठेवावी. भीतीपोटी विमानात पाणी पिणे सोडू नये; त्याऐवजी मार्गिकेच्या कडेची जागा मागून घ्यावी. त्रास जास्त असेल तर निघण्यापूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे, कारण ओटीपोटाच्या व्यायामांनी आणि उपचारांनी यात बराच फरक पडतो.

१६. तिकडे शौचालयात पाण्याची सोय नसते, असे ऐकले आहे.

पुष्कळ ठिकाणी नसते. दाबल्यावर पाण्याची धार येणारी मऊ प्लॅस्टिकची बाटली रिकामी नेल्यास वजन नगण्य असते आणि तपासणीतही ती अडत नाही.

१७. चार्जर, पॉवर बँक आणि चहाची विजेची किटली?

पॉवर बँक हातसामानातच लागते. १०० वॉट-अवरपर्यंतची परवानगीवाचून चालते आणि नेहमीची दहा हजार मिलिॲम्पिअर-अवरची त्याहून कितीतरी कमी भरते. ब्रिटनमध्ये तीन चपट्या, युरोपात दोन गोल आणि अमेरिकेत चपट्या पिनांचा प्लग लागतो. मोबाइलचा चार्जर सगळीकडे चालतो, पण आपली किटली अमेरिकेच्या १२० व्होल्टवर नीट तापत नाही. ती घरीच ठेवावी.

१८. व्हीलचेअर मागितली आहे. मग बॅग जड असली तर काय बिघडते?

मदतनीस खुर्ची ढकलतो. तीन-तीन बॅगा ओढणे त्याला शक्य नसते, आणि हातबॅग बहुधा आपल्याच मांडीवर येते. तासभर मांडीवर सहज राहील एवढीच ती जड असावी. ही सेवा निदान ४८ तास आधी मागून ठेवावी. हातातली काठी हातसामानात मोजली जात नाही.

१९. सहा महिने राहायचे आहे आणि मध्ये ऋतू बदलणार आहे. तरीही एवढेच सामान?

हो, कपडे एवढेच. मुलांच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र असते, आणि थंडीचे जाड कपडे तिकडेच मिळतात व तिकडच्या थंडीला तेच योग्य असतात. जादा वजन औषधांना द्यावे. सहा महिन्यांच्या औषधांवर मात्र अनेक देशांची मर्यादा असते, म्हणून त्या देशाचा नियम आधी पाहावा आणि पुढचे औषध तिकडच्या डॉक्टरांकडून कसे मिळेल याची चौकशी मुलांकडून करून घ्यावी. चष्म्याचा जादा जोड, नंबराचा कागद, कवळीची डबी आणि श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या हे सामान सहा महिन्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे.

२०. मोठी बॅग विमानातून आलीच नाही तर?

पट्टा थांबल्यावर बाहेर पडू नये. तेथेच विमान कंपनीच्या सामान-चौकशी कक्षात तक्रार अर्ज भरावा, त्याचा क्रमांक घ्यावा आणि बॅगेची पावती जपावी. बाहेर पडल्यावर केलेली तक्रार सिद्ध करणे अवघड जाते. निघण्यापूर्वी उघड्या बॅगेचा आणि बंद बॅगेचा असे दोन फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवले, तर रंग आणि आतील वस्तू इंग्रजीत सांगताना अडखळावे लागत नाही. जेथे उतरणार तेथील पत्ता आणि फोन क्रमांक बॅगेच्या आतही एका कागदावर लिहून ठेवावा, कारण बाहेरची चिठ्ठी अनेकदा फाटून जाते. हातसामानात औषधे, एक जोड कपडे आणि पंचा असेल, तर बॅग येईपर्यंतचे दोन-तीन दिवस फारशी अडचण न होता निघतात. तेवढ्यात केलेल्या आवश्यक खरेदीच्या पावत्या कंपनीकडे भरपाई मागण्यासाठी सांभाळून ठेवाव्यात.